पर्यटक व्हिसावर थायलंडमध्ये महिनोन्‌महिने राहताना: शिक्का, मुदतवाढ आणि सीमेवरचे प्रश्न

च्यांग मायमध्ये किंवा बँकॉकमध्ये सहा महिने, जमलं तर वर्षभर राहून बघावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक जण एकाच वाटेने सुरुवात करतात: पर्यटक म्हणून यायचं, मुदतवाढ घ्यायची, शेजारच्या देशात जायचं आणि परत यायचं. मीही या वाटेने राहिलो, पुढे रीतसर दीर्घ मुदतीचा व्हिसा घेतला. या काळात लोकांच्या तोंडून ऐकलेले सल्ले इतके उलटसुलट होते की नव्या माणसाने नक्की कोणाचं ऐकावं हे कळू नये.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. विमानाने येणाऱ्या पर्यटकाला वर्षातून इतकेच दिवस राहता येईल, असा एक ठरलेला आकडा थायलंडच्या नियमांत नाही. त्यातून लोक अर्थ काढतात की कितीही वेळा आलं तरी चालतं. तसं नाही. प्रत्येक प्रवेश ही नवी परवानगी असते, आणि ती देणारा अधिकारी तुमच्या पासपोर्टवरचे आणि त्याच्या संगणकावरचे मागचे सगळे शिक्के बघून ठरवतो. पहिल्या खेपेला कोणी काही विचारत नाही. चौथ्या खेपेला तोच पासपोर्ट, तोच माणूस, पण प्रश्न सुरू होतात. म्हणून ही वाट सहा ते नऊ महिन्यांसाठी, तीही आखून वापरा. त्यापुढे राहायचं असेल तर शेवटच्या पायरीकडे, म्हणजे रीतसर दीर्घ व्हिसाकडे, जाण्याची तयारी पहिल्या महिन्यापासून सुरू करा.

१. तुमच्या हातात नक्की कोणती परवानगी आहे, ते ओळखा

व्हिसा आणि राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. व्हिसा तुम्हाला दारापर्यंत आणतो. किती दिवस राहायचं ते विमानतळावर पासपोर्टवर मारलेला शिक्का ठरवतो. व्हिसावर छापलेली अंतिम तारीख म्हणजे तो वापरून प्रवेश करण्याची शेवटची तारीख. तोपर्यंत राहता येतं असा तिचा अर्थ नाही.

पर्यटकांसाठी मुख्य प्रकार तीन:

- व्हिसामुक्त प्रवेश. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला. हे धोरण आखडतं घेण्याची चर्चा तेव्हापासून सुरूच आहे, त्यामुळे तिकीट काढण्याच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या मित्राचं ऐकून तिकीट काढू नका.
- एकदा प्रवेशाचा पर्यटक व्हिसा. शिक्का ६० दिवसांचा, त्यावर ३० दिवसांची मुदतवाढ मागता येते. पुनर्प्रवेश परवाना (चौथी पायरी) न घेता तुम्ही देशाबाहेर पडलात की हा व्हिसा संपला.
- अनेकदा प्रवेशाचा पर्यटक व्हिसा. वैधता सहा महिने, प्रत्येक प्रवेशाला ६० दिवस. हा तुमच्या मायदेशातून किंवा जिथे तुमचं कायदेशीर वास्तव्य आहे तिथूनच मागावा लागतो, आणि खात्यातली शिल्लक बरीच जास्त दाखवावी लागते. पण याचा फायदा मोठा आहे. सहा महिने संपायच्या जरा आधी शेवटचा प्रवेश केलात, तर तिथून पुढे पुन्हा ६० दिवस आणि वर ३० दिवसांची मुदतवाढ मिळू शकते. आठ-नऊ महिने राहायचं आधीच ठरलं असेल, तर माझ्या मते हाच व्हिसा घेऊन निघावं. फक्त व्हिसामुक्त प्रवेशांवर तेवढे दिवस काढण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

शिक्का मिळाला की खिडकीपासून दूर होण्याआधीच तारीख वाचा. आलेला दिवस हा पहिला दिवस धरतात. म्हणजे १ मार्चला उतरलात आणि ६० दिवस मिळाले, तर शिक्क्यावर २९ एप्रिल असेल, ३० एप्रिल नाही. ३० दिवसांची मुदतवाढ घेतलीत तर २९ मे. ‘दोन महिने’ असा हिशेब केलात की एका दिवसाने चुकता, आणि तो एक दिवस नोंदला जातो. तारीख चुकीची वाटली तर तिथल्या तिथे विचारा. शहरात पोहोचल्यावर ती दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं.

२. निघण्यापूर्वीची तयारी

१ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला थायलंड डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि पूर्णपणे मोफत आहे. शोधयंत्रात वर दिसणारी पैसे मागणारी पानं दलालांची असतात. थाई इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा. भरल्यावर आलेली पीडीएफ जपून ठेवा, मुदतवाढीच्या वेळी तिची प्रत मागितली जाते.

सोबत कागदावर छापलेलं हे असू द्या (फोनची बॅटरी संपलेली असताना अधिकारी थांबत नाही):

- किमान सहा महिने वैध आणि कोरी पानं असलेला पासपोर्ट. सतत ये-जा केली की पानं पटापट भरतात, त्यामुळे जास्त पानांचा पासपोर्ट मिळत असेल तर तोच मागा.
- परवानगीच्या मुदतीत थायलंडमधून बाहेर पडणारं तिकीट.
- राहण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता आणि आरक्षण किंवा भाडेकरार.
- माणशी किमान २०,००० बाट किंवा तेवढ्या किमतीचं परकीय चलन, रोख. कार्ड दाखवून भागेलच असं नाही.
- मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इंग्रजीत.
- प्रवास विमा. यात एक मोठी मेख आहे: बऱ्याच पॉलिसींत एका सहलीची कमाल मुदत ठरलेली असते. ‘वार्षिक’ असं लिहिलेलं असलं तरी एका सहलीला किती दिवस, ते आतल्या पानावर बघा.

बाहेर पडणाऱ्या तिकिटाची मागणी बहुतेक वेळा थायलंडमध्ये होत नाही, तुमच्या निघण्याच्या विमानतळावर चेक-इनलाच होते. कारण प्रवेश नाकारला गेला तर प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. काही तास दिसून नाहीसं होणारं ‘भाड्याचं’ तिकीट विकणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. क्वालालंपूर किंवा लाओसची राजधानी व्हिएंतियानचं साधं, स्वस्त, खरं तिकीट काढा. तसंही तुम्हाला तिकडे जायचंच आहे.

३. घर घेताना पत्त्याची नोंद

परदेशी माणूस आपल्या जागेत राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. याला सगळे ‘टीएम ३०’ म्हणतात. हॉटेलवाले आपोआप करतात. खासगी घरमालकांपैकी बरेच जण करत नाहीत, आणि त्याचा त्रास तुम्हाला मुदतवाढीच्या दिवशी होतो, कारण त्या पावतीशिवाय अनेक कार्यालयं अर्ज घेत नाहीत.

म्हणून अनामत रक्कम देण्यापूर्वीच मालकाला स्पष्ट विचारा: टीएम ३० करून पावती देणार का? टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा. जागा कितीही सुंदर असो, हा प्रश्न सोडू नका. देशाबाहेर जाऊन नव्या शिक्क्यावर परत आलात की नोंद पुन्हा करावी लागते, तेव्हा आल्याच्या दिवशी मालकाला नव्या शिक्क्याचा फोटो पाठवायची सवय लावून घ्या.

याच्याशी गल्लत होईल असं आणखी एक प्रकरण म्हणजे ९० दिवसांची नोंद. सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना ती करावी लागते. ६० अधिक ३० मिळून बरोबर ९० होतात, त्यामुळे पर्यटकांवर ती वेळ सहसा येत नाही. दीर्घ व्हिसावर गेलात की मात्र ती तुमच्या मागे लागते.

४. मुदतवाढीचा दिवस

मुदत संपायच्या आठवडाभर आधी जा. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी बघा. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुमाराला सरकारी कार्यालयं बंद असतात, आणि ती उघडतात त्या दिवशी अख्ख्या शहराची गर्दी तिथे असते. लवकर गेल्याने दिवस वाया जात नाहीत. वाढीव ३० दिवस जुन्या तारखेच्या पुढे मोजले जातात.

बँकॉकमध्ये हे काम चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात होतं, इतर प्रांतांत त्या त्या इमिग्रेशन कार्यालयात. लागतं ते असं: टीएम ७ अर्ज, ४ x ६ सेंमी आकाराचा फोटो, पासपोर्टच्या माहितीच्या पानाची, व्हिसाची आणि शेवटच्या शिक्क्याची प्रत, आगमन कार्डाची प्रत, टीएम ३० ची पावती, भाडेकरार आणि १,९०० बाट रोख.

कार्यालय उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. दाराशी एक टेबल असतं, तिथे कागद चाळून मगच नंबर देतात. हे टेबल पार करणं हेच खरं काम. प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही केलेली हवी, सही पासपोर्टवरच्या सहीसारखीच हवी. अर्जावर कारण विचारतात, तिथे ‘पर्यटन’ एवढंच लिहा. फोटो काढण्याचं आणि प्रती काढण्याचं दुकान बहुतेक कार्यालयांच्या आवारातच किंवा समोर असतं, पण तिथली रांग धरली तर तुमचा नंबर मागे पडतो, म्हणून प्रती आदल्या संध्याकाळी काढून ठेवा. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला. हा उपदेश वाटेल, पण सरकारी कार्यालयात नीटनेटकं जाण्याला तिथे खरोखर मान आहे, आणि समोरचा माणूस तुमच्याशी कसा बोलतो ते त्यावर ठरतं.

नंबर आला की फोटो काढतात, पैसे घेतात, थोडं बसवतात आणि पासपोर्ट परत देतात. तिथेही तारीख वाचा. मुदतवाढ नाकारली तर साधारणपणे देश सोडण्यासाठी ७ दिवस मिळतात. ती वेळ वाद घालण्याची नाही, तिकीट काढण्याची आहे.

एकदा प्रवेशाच्या व्हिसावर असताना मध्येच चार दिवस बाहेर जायचं असेल, तर आधी पुनर्प्रवेश परवाना घ्या, एका वेळेसाठी १,००० बाट. तो न घेता बाहेर पडलात की उरलेले सगळे दिवस गेले.

५. बाहेर जाणं आणि परत येणं

जमिनीच्या सीमेवरून व्हिसामुक्त प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. विमानतळांना हा आकडा लागू नाही, पण तिथे अधिकाऱ्याची नजर लागू आहे. मिनीव्हॅनमध्ये बसायचं, सीमा ओलांडायची, पलीकडे तासभर थांबून परत यायचं, या प्रकाराला सगळीकडे ‘व्हिसा रन’ म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशनने यावर आणखी कडक भूमिका जाहीर केली: सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा असं करणाऱ्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. माझा सल्ला सरळ आहे. त्याच दिवशी परत येण्याचा विचारच करू नका.

बाहेर जाल तेव्हा खरोखर जा. दोन-तीन आठवडे काढा. उत्तरेत राहणाऱ्यांसाठी यात एक नैसर्गिक सोय आहे: साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याच्या धुराने च्यांग मायची हवा इतकी खराब होते की स्थानिकही हैराण असतात. बाहेरचे आठवडे त्या काळात ठेवा. फुप्फुसांना बरं, आणि पासपोर्टवरही ये-जा प्रवाशासारखी दिसते.

नवा पर्यटक व्हिसा घेऊन परत यायचं असेल, तर लाओसमधलं व्हिएंतियान आणि सवन्नखेत, मलेशियातलं पेनांग ही जुनी ठिकाणं. थायलंडमधल्या नाँग खाईहून मैत्री पुलावरून व्हिएंतियानला जाता येतं. १ जानेवारी २०२५ पासून थायलंडची ई-व्हिसा प्रणाली जगभरच्या दूतावासांत सुरू झाली, त्यामुळे आता पासपोर्ट खिडकीत देऊन दुसऱ्या दिवशी घ्यायला जाण्याचा प्रकार राहिला नाही. पण अर्ज करताना तुम्ही त्या देशात आहात याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे तिथे पोहोचल्यावरच अर्ज, आणि निकाल येईपर्यंत मुक्काम. हॉटेलचं आरक्षण मोजून तीन दिवसांचं करू नका.

भारतीय पासपोर्टवर शेजारच्या देशाचा प्रवेशही आधी तपासावा लागतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला, म्हणून पेनांग सोयीचं झालं. कंबोडियाकडचे जमिनीवरचे नाके २०२५ मधल्या सीमासंघर्षात बंद झाले. जुन्या माहितीत पॉइपेट या तिथल्या सीमेवरच्या गावाचं नाव ठिकठिकाणी सापडेल, त्यावर विसंबून निघू नका.

६. खिडकीवर प्रश्न आले तर

विचारतात ते साधं असतं: इतके दिवस काय करता? पैसे कुठून येतात? परत कधी जाणार? उत्तर थोडक्यात आणि खरं द्या. तिकीट, पत्ता, रोख रक्कम आणि स्टेटमेंट न मागता पुढे करू नका, पण मागितल्यावर शोधत बसावं लागू नये. ‘इथेच राहतो’ हे शब्द पर्यटक म्हणून प्रवेश मागताना तुमच्याच विरुद्ध जातात, कारण मग अधिकारी विचारणार की राहण्याचा व्हिसा का नाही.

प्रवेश नाकारला गेला तर तो १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १२ खाली असतो. कारण लेखी मागा. बहुतेक कारणांवर ४८ तासांत अपील करता येतं, पण तेवढा वेळ विमानतळावरच्या ताब्यात जातो. शिक्का ‘नाकारला’ असा असतो, काळ्या यादीतला नसतो. त्यामुळे घाबरून न जाता परत जा आणि पुढच्या वेळी आधी व्हिसा घेऊन या.

७. मुदत ओलांडणं

याबद्दल थोडक्यात, कारण यात तडजोड नाही. दंड दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट. स्वतःहून विमानतळावर हजर झालात आणि ९० दिवसांहून जास्त झाले असतील तर एक वर्षाची प्रवेशबंदी, वर्षाहून जास्त असेल तर तीन वर्षं, आणि पुढे वाढत दहा वर्षांपर्यंत. रस्त्यावरच्या तपासणीत पकडले गेलात तर एका दिवसालाही पाच वर्षांची बंदी लागू शकते. ‘थोडे दिवस चालतात, दंड भरायचा’ असं सांगणारे भेटतील. ते दिवस पासपोर्टच्या नोंदीत राहतात आणि पुढच्या प्रत्येक अर्जात आडवे येतात.

‘न जाता शिक्का आणून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पासपोर्ट कधीही देऊ नका. तो शिक्का संगणकात नसेल तर बनावट कागदपत्राचा गुन्हा तुमच्यावर येतो, दलालावर नाही.

८. काम आणि कर

पर्यटक म्हणून थायलंडमध्ये काम करण्याचा हक्क मिळत नाही. परवान्याविना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हकालपट्टी. मित्राच्या कॅफेत हात लावणं, योगाचे वर्ग घेणं, पाहुणा म्हणून शिकवणं, फुकट असलं तरी हे काम धरलं जाऊ शकतं. परदेशातल्या कंपनीसाठी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी आता वेगळा व्हिसा आहे, तोच घ्या.

कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही थायलंडचे कर-रहिवासी ठरता, तुमचा शिक्का पर्यटकाचा असला तरी. १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न अशा व्यक्तीने थायलंडमध्ये आणलं तर ते करपात्र होतं. भारतातला रहिवासी दर्जा वेगळ्या हिशेबाने ठरतो आणि तो एप्रिल ते मार्च मोजतात. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. त्यामुळे मुक्काम १८० दिवसांजवळ जातोय असं दिसलं की सनदी लेखापालाशी बोला, वर्ष संपल्यावर नाही.

९. रीतसर व्हिसाकडे

ज्यांना थायलंड खरोखर आवडलं आहे त्यांनी इथे लवकर यावं. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी, तसंच मुआय थाई (थाई मुष्टियुद्ध) किंवा थाई स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी आहे. वैधता पाच वर्षं, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस. वय २० पूर्ण असावं आणि ५,००,००० बाटइतकी शिल्लक दाखवावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्ती व्हिसा आहे, त्याला थाई बँकेत ८,००,००० बाट किंवा तेवढ्या तोलाचं मासिक उत्पन्न लागतं. भाषा शिकायची असेल तर शिक्षण व्हिसा, मात्र नावापुरत्या वर्गांवर अलीकडे बारीक नजर असते, त्यामुळे शिकायचं असेल तरच तो घ्या.

डीटीव्हीचा अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करावा लागतो, म्हणून तो पाचव्या पायरीतल्या बाहेरच्या आठवड्यांत बसवा. शिल्लक अर्जाच्या आदल्या दिवशी खात्यात आणून ठेवू नका. अनेक दूतावास मागच्या तीन किंवा सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. नोकरीचं किंवा ग्राहकाशी झालेल्या कराराचं पत्र लेटरहेडवर, सहीनिशी आणि ‘परदेशातून काम करण्यास परवानगी आहे’ असं स्पष्ट वाक्य असलेलं हवं. ते मिळवायला नेहमी वाटतं त्यापेक्षा जास्त दिवस जातात, त्यामुळे पहिल्या ६० दिवसांतच ते मागायला लागा.